पहिली निवड

पडद्यावरची पोरगी उडाली, रिंगवरून परत आलेला चेंडू तिने दोन्ही हातांनी ओढला आणि खाली आली. डाव्या पायावर. उजवा मागाहून टेकला, जपून.

"पुन्हा लाव," माया म्हणाली.

उन्मेषने लॅपटॉपवर व्हिडिओ मागे नेला. सक्करदऱ्याच्या क्लबचा तो मॅनेजर. रविवारी सकाळी क्लबच्या खोलीत तिघंच बसले होते: तो, कोच मधुसूदन सर आणि अकरा वर्षं कप्तान असलेली माया. कूलर एवढा घरघरत होता की प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागत होतं.

शहरातल्या महिला बास्केटबॉल लीगमध्ये त्यांचा संघ यंदा शेवटचा आला होता. त्याचा फायदा एकच. नव्या मुली आळीपाळीने निवडायच्या ड्राफ्टमध्ये पहिली निवड त्यांची. दुसरी गांधीबागच्या संघाची. सरांना दोन्ही हव्या होत्या.

"पहिली ही नंदिनी," सर म्हणाले. "सहा फूट एक इंच. एवढी उंच पोरगी दहा वर्षांत भंडाऱ्याहून आली नाही."

"उंच आहे, सर, पण तिचं ड्रिबल पाहिलं का? चेंडू घेऊन चालली की गाय घेऊन, समजत नाही. मी म्हणतो, चिन्मयी घ्या. ती पोरगी पूर्ण कोर्ट वाचते."

"ड्रिबल शिकवता येते. उंची शिकवता येते का गा?"

"दोघी घ्या," माया म्हणाली. "गांधीबागले अनुभवी खेळाडू पाहिजे. त्यायले आपली चारुलता द्या, त्यांची दुसरी निवड घ्या."

उन्मेष दचकला. "चारुताई? ताई, तिच्या पोरीचं नाव तुम्ही ठेवलं आहे!"

"मग? लांबून तिचा हात चांगला बसला आहे, आज तिले मागणी आहे. दोन वर्षांनी कोणी विचारणार नाही. संघ नव्यानं उभा करायचा आहे ना? हळवं होऊन चालते का?"

चहाचा कप सरांनी उचलला, रिकामा आहे हे पाहून परत ठेवला.

मायाचं लक्ष पुन्हा पडद्याकडे गेलं. उडी, चेंडू, डावा पाय. व्हिडिओतल्या सातही रिबाउंडला तेच. उजव्या गुडघ्यात काहीतरी होतं आणि पोरगी ते लपवत होती. सरांच्या किंवा उन्मेषच्या ते लक्षात आलं नव्हतं. मायाच्या आलं, कारण जानेवारीपासून ती स्वतः तशीच उतरत होती. तिच्या गुडघ्याचा रिपोर्ट तिने एकट्या सरांना दाखवला होता. "हे आपल्या दोघांत," सर म्हणाले होते. "तू खेळत राह्य, मी आहे." पट्टी बांधून ती शेवटच्या सामन्यापर्यंत खेळली.

नाव फॉर्मवर चढायच्या आधी नंदिनीचं हे सांगायचं, असं तिने ठरवलं होतं.

फोन वाजला. गांधीबागचा सेक्रेटरी सुमंत. सगळ्यांना ऐकू यावं म्हणून उन्मेषने स्पीकर लावला आणि कूलर बंद केला.

"उन्मेषभाऊ, दुसरी निवड आम्ही सोडून देतो. पण बदल्यात चारुलता पायजे."

उन्मेषने मायाकडे पाहून अंगठा वर केला.

"सरांनी पहिले मायाले देतो म्हटलं होतं, ते मात्र जमत नाही गा." सरांचा हात फोनकडे गेला, पण फोन टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. "तिच्या गुडघ्याचा रिपोर्ट आमच्या डॉक्टरले दाखवला. म्हणे, लय झालं तर एक सीझन. सरांनी स्वतःहून पाठवला, हे मानलं पाहिजे. नाहीतर आम्ही फसलो असतो. इमानदार माणूस आहे, राजेहो!"

उन्मेषने फोन ठेवला. कूलर लावायचं कोणाला सुचलं नाही. बाहेर कोर्टवर कोणीतरी एकटंच चेंडूचे टप्पे घेत होतं, ते आता स्पष्ट ऐकू येत होते.

"रिपोर्ट लपवून तुले दिलं असतं, तर उद्या बोंब झाली असती," सर म्हणाले.

"मले विचारलं काहून नाही?"

"तू नाही म्हटलं असतं." सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "आणि आत्ता तूच म्हणून राहिली होती ना. हळवं होऊन चालत नाही."

चारुलताला हे कोण सांगणार, एवढंच मायाच्या मनात आलं आणि गेलं.

सरांनी लीगचा फॉर्म पुढे ओढला. आवाज नेहमीचा, सराव संपल्यावरचा. "पहिली निवड एकदाच भेटते वं, माया. इथं चुकलो तर तीन वर्षं आपण उठत नाही. आणि तुझ्याएवढं बारीक कोणी पाहत नाही." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "सांग, नंदिनीत काही खोट दिसली का तुले?"

व्हिडिओ मध्येच थांबला होता. पोरगी हवेत होती, चेंडू तिच्या हातात, दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले.

"नाही, सर," माया म्हणाली. "लिहा नाव."

सरांनी लिहिलं. उन्मेषने कूलर लावला आणि येता येता व्हिडिओ पुढे चालू केला. मायाने हात लांब करून लॅपटॉप मिटला, पोरगी खाली यायच्या आत.