आवाज शून्य

"मोबाईल बाहेरच्या खणात ठेवा. कागद आम्ही देऊ," कंपनीचा माणूस म्हणाला आणि दाराशीच खुर्ची टाकून बसला.

आज तिसरा आणि शेवटचा दिवस. पाच वाजता खोली बंद होणार होती.

टेबलावर एकच कॉम्प्युटर. त्यात पेशंटच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाचा सगळा प्रोग्रॅम, हजारभर फायली, आणि वाचायला एक अगदी साधा एडिटर. शोधायची सोयसुद्धा धड नाही. पहिल्या दिवशी तपासायला आलेल्या प्रोग्रॅमरला वाटलं होतं, हातपाय बांधून पोहायला सांगितलंय.

त्याची ताई नर्स होती. तिच्या वॉर्डात एक म्हातारे पेशंट दगावले. पंपातलं औषध संपलं आणि अलार्म कुणालाच ऐकू आला नाही. आमचा पंप असा गप्प बसूच शकत नाही, नर्सनंच अलार्म बंद केला असणार, असं कंपनीनं लिहून दिलं. ताई घरी बसली, खटला उभा राहिला. तिच्या वकिलांनी खटपट करून प्रोग्रॅम बघायची परवानगी मिळवली आणि प्रोग्रॅमर भावालाच पाठवलं.

त्यानं शोधायला तीन-चार ओळींच्या स्क्रिप्ट, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, लिहिले. एकीचं नाव 'कुठे'. एडिटरमध्ये शब्द निवडला की तो कुठल्या फायलीत, कितव्या ओळीवर आहे याची यादी ती देई. दुसरी 'कोण'. अलार्म वाजवणारं फंक्शन, म्हणजे प्रोग्रॅमचा तेवढा तुकडा, कोण कोण वापरतं ते ती सांगे. यादीतल्या ओळीवर टिचकी मारली की ती जागा उघडे. दोन दिवस तो असाच हिंडला. सगळं चोख होतं. अलार्म गप्प राहील अशी एकही जागा सापडेना.

दुपारी बाहेर येऊन त्यानं फोन लावला.

"जेवलास का?" ताईनं आधी तेच विचारलं.

"घास उतरत नाही गं."

"इतका जीव नको काढूस. नाही सापडलं तर नाही."

"असं कसं? न केलेल्याची शिक्षा भोगणार तू?"

ती म्हणाली, "पाणी पीत जा वेळेवर," आणि फोन ठेवला.

चार वाजून गेले. दाराशी कंपनीचा माणूस घड्याळ बघत होता. अचानक भावाला सुचलं, अलार्म कोण वाजवतं हे शोधतोय, पण त्याचा आवाज कोण बदलतं? घाईघाईनं तिसरी स्क्रिप्ट लिहिली. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नऊ ओळी आल्या. आठ निरुपद्रवी. नववी बॅटरीच्या फायलीत होती: चार्जिंग फार उतरलं की आवाज शून्य.

म्हणजे पंप आपला आपण गप्प बसू शकत होता!

त्यानं ती ओळ उतरवून घेतली. कंपनीच्या माणसानं नियमाप्रमाणे कागद वाचला. त्याचा चेहरा पडला. पण सही करावीच लागली.

रस्त्यावर येताच त्यानं फोन लावला. "ताई, सुटलीस! बॅटरी उतरली की पंप आपोआप मुका होतो. त्यांच्याच प्रोग्रॅममध्ये आहे, सहीनिशी घेऊन आलोय. आता तुझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही."

पलीकडून हुंदका आला.

"रड, रड. मोकळी हो."

"अरे," ती म्हणाली, "तो वाजत होता. मीच बंद केला."