आ करा

फटाफटताईंच्या डोळ्यांवर पट्टी बांधली तेव्हा सगळ्यात मोठ्याने त्याच हसत होत्या. "जरा सैल बांधा हो, अंबाडा सुटेल माझा," असं त्यांनी प्रशिक्षक बाईंना बजावलं आणि खुर्चीत ऐसपैस बसल्या. वृद्धाश्रमाच्या जेवणघरात टेबलं बाजूला सारून प्रशिक्षण चाललं होतं. सेवा करणाऱ्यांनी आज म्हातारं व्हायचं आणि जोडीदाराने त्यांना भरवायचं, एवढाच खेळ.

फटाफटताई हे नाव काही त्यांना उगाच पडलेलं नव्हतं. इतर बायकांचं एका माणसाला भरवून होईतो यांची अख्खी रांग उरकलेली असायची, तोंडं पुसून, लाळेरी काढून. त्यामुळे अवघड माणसं त्यांच्याच वाट्याला यायची आणि नवे कामगारही त्यांच्याच हाताखाली शिकायचे. आज समोर उभा होता तो त्यांचाच चेला. आधी टेम्पो चालवायचा, म्हणून सगळे त्याला टेम्पोच म्हणत.

"हात मांडीखाली घ्या," बाई म्हणाल्या. "आणि बोलायचं नाही. तुमची वाचा गेलीय असं समजा."

"अरे, ताईंच्या नवऱ्याला बोलवा कोणीतरी!" मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

"आ करा," टेम्पो म्हणाला.

हनुवटीवर अंगठा दाबला गेला. चमचा दातांवर आपटला आणि कुस्करलेल्या केळ्याचा गार गोळा थेट जिभेच्या मुळाशी जाऊन पडला. तो नीट तोंडात घोळवावा म्हणेपर्यंत दुसरा चमचा आत. मग तिसरा. ओठाबाहेर आलेलं टेम्पोने चमच्याच्या कडेने खरवडलं आणि परत तोंडात लोटलं. तसं करताना तो ताईंच्या डोक्यावरून शेजारच्याशी टायरच्या भावाबद्दल बोलत होता. पोरगा कामात चोख, शिकवलेलं तंतोतंत करत होता.

ताईंना ठसका येऊ पाहत होता, पण तोंड भरलेलं. त्यांनी मान वळवली. टेम्पोचा तळवा डोक्यामागे आला आणि त्याने डोकं पुन्हा सरळ केलं.

"नखरे नाही करायचे हं, आजी," टेम्पो लाडात म्हणाला. वाक्य ताईंचंच होतं, हेलसुद्धा त्यांचाच.

त्यांनी कसंबसं गिळलं आणि ओठ मिटले. मिटायचे असं काही ठरवलं नव्हतं, ते आपले आपणच मिटले. चमचा ओठांवर टकटक करू लागला तसे त्या ते आणखी घट्ट आवळू लागल्या.

"बघा, बघा! बँडवाले आजोबा झाल्या ताई!"

सगळे खो खो हसले. पट्टीच्या आत ताईंनी मात्र डोळे उघडले.

बँडवाले आजोबा वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर. उभा जन्म ट्रम्पेट वाजवण्यात गेला, मग लकव्याने वाचा नेली. काही आठवड्यांपासून तोंडच उघडेनात. "जगायचंच नाही हो त्यांना," असं ताईंनीच सिस्टरना सांगितलं होतं, अगदी मनापासून. त्यांच्याच शब्दावर डॉक्टरांनी नाकातून नळी घालायचं ठरवलं. आजच, दुपारी. नळी ओढून काढू नये म्हणून हात खाटेला बांधायचे होते.

ताईंनी पट्टी ओरबाडून काढली. टेम्पोचा चेहरा पडला.

"ताई, चुकलं का काही? तुम्ही दाखवलंत तसंच केलं मी."

"नाही रे बाबा. तुझं काही चुकलं नाही."

"काय वाटलं ते जरा सगळ्यांना सांगा ना," प्रशिक्षक बाई उत्साहाने म्हणाल्या. पण ताई केळ्याची वाटी उचलून जिन्यापर्यंत पोचल्यासुद्धा होत्या.

वर सिस्टर बँडेजचा रोल उलगडत होत्या. आजोबांचा एक हात आधीच पांघरुणाबाहेर काढून ठेवलेला होता.

"डॉक्टर येईपर्यंत मला एकदा भरवू द्या, सिस्टर. पाया पडते तुमच्या."

"भरवा बाई. बघा जमतंय का."

ताईंनी बुटकं स्टूल ओढलं आणि आजोबांच्या नजरेच्या जरा खाली बसल्या. कधी नव्हे ते बसल्या. चमचा त्यांना दिसेल असा दूर धरला. "केळं आहे, आजोबा," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही सावकाश घ्या. मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. हात भरून आला तरी चमचा खाली घेतला नाही.

आजोबांनी चमच्याकडे पाहिलंच नाही. ते ताईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. बघता बघता त्यांचे ओठ पांढरे पडेस्तोवर आवळले गेले. मोकळा हात हळूहळू वर आला आणि स्वतःच्याच हनुवटीवर जाऊन बसला, झाकण ठेवावं तसा.

"बघितलंत?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही तरी किती जीव आटवाल! सरका आता, बांधून घेते."

ताई उठल्या. सिस्टरच्या हातातलं बँडेज त्यांनी काढून घेतलं आणि तिथे वाटी ठेवली.

"तुम्ही बसा."

"मी? अहो, तुमच्यासारखीच्या हातून जे खात नाहीत..."

"टेम्पोला नका पाठवू. मी शिकवलेल्या कोणालाच नको." ताई दारापर्यंत गेल्या, आजोबांना आपण दिसणार नाही इतक्या बाजूला सरकल्या आणि मग म्हणाल्या, "त्यांना भूक आहे हो, सिस्टर. ते मला घाबरतात."