आष्टीच्या बँकेला टाळं

बॅनर आलं होतं, भोंगा आला होता, मोबाइल घेऊन दोन पत्रकारही येऊन उभे होते. सोमेश्वरच्या गळ्यात घालायला झेंडूचा हारसुद्धा आला होता. फक्त टाळं कुणी आणलं नव्हतं.

“म्हंजे?” सोमेश्वर माइक बाजूला धरून ओरडला. “टाळे ठोको आंदोलन, अन् टाळंच न्हाई?”

प्रत्येकाला वाटलं होतं, दुसरा कुणीतरी आणील. आता बोला!

बेबीनंदा पुढच्याच रांगेत होती. ती काही पुढारी नव्हे, शाळेत खिचडी शिजवणारी बाई. पण तिची लेक साक्षी याच बँकेत तीन वर्षं कंत्राटावर होती, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे अंगठे मशीनवर टेकवायच्या कामाला. मुंबईच्या मोठ्या बँकेनं ही बँक गिळली आणि आता म्हणे आष्टीची शाखा परवडत नाही, ती उचलून परतूरला नेणार. शाखा गेली की साक्षीची नोकरी गेली. एवढं बेबीनंदाला स्वच्छ कळत होतं. बडे उद्योगपती, त्यांनी बुडवलेले हजारो कोटी, ते सोमेश्वरच्या भाषणातलं सगळं तिच्या डोक्यावरून जायचं. घोषणा मात्र ती बेंबीच्या देठापासून द्यायची.

“थांबा, म्या आणते,” म्हणाली आणि पळालीच. घर दोन गल्ल्या पलीकडं. दाराचं कुलूप काढलं, नुसती कडी लावली आणि धापा टाकत परत आली. मुठीत न मावणारं ते पितळी कुलूप बघून सोमेश्वरचा जीव भांड्यात पडला.

“बेबीनंदाबाईंचा विजय असो!” त्यानं माइकवरून पुकारा केला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि बरंही वाटलं.

सोमेश्वरनं आत जाऊन हात जोडले तसे बँकेतले लोक मुकाट बाहेर आले. मॅनेजर तर पाण्याची बाटली, डबा, टेबलावरचा मुलीचा फोटो, सगळं पिशवीत भरूनच निघाला. साक्षी शेवटी आली. आईच्या जवळून जाताना हळूच म्हणाली, “तुला नको म्हणलं व्हतं ना मी?”

“तुझ्यासाठीच आल्ते ना गं.”

साक्षी रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभी राहिली.

लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप बसलं, खटकन. टाळ्या झाल्या. तेवढ्यात लालमियाँ आले. हातात पासबुक, पेन्शन काढायला.

“सोमेश्वरभाऊ, बँक बंद करू नका म्हन्ता, अन् तुमीच बंद करून राह्यले? जरा बराबर समजावून सांगा.”

“चाचा, हे आंदोलन हाये.”

“अच्छा,” लालमियाँ म्हणाले आणि पासबुक उघडून उगीच बघत बसले. बेबीनंदालाही नेमकं हेच विचारायचं होतं. पण तिला कोण सांगणार?

“बड्या बुडव्यांना माफी, आष्टीला टाळं! न्हाई चालणार, न्हाई चालणार!” सगळे ओरडत होते. तिसऱ्या खेपेला बेबीनंदाची जीभ अडखळली. टाळं तर आपणच लावलं की.

दुपारी जालन्याहून बँकेच्या साहेबांची पांढरी गाडी आली. सोमेश्वरनं हार नीट केला. पुढचं सगळ्यांना पाठ होतं. साहेब विनवण्या करणार, लेखी आश्वासन देणार, मग टाळं काढायचं, फोटो, चहा. रीतच आहे ती.

साहेबांनी कुलूप दोनदा ओढून पाहिलं. “मजबूत आहे,” म्हणाले. मोबाइलवर फोटो काढला. मग शिपायाला खूण केली, तसा त्यानं फाइलमधला छापील कागद काढून दारावर डकवला. ही शाखा आजपासून बंद, व्यवहार परतूरला.

“साहेब, आमची मागणी…” सोमेश्वरचा आवाज माइक असूनही ऐकू येईना.

“तुमचं सहकार्य लाभलं,” साहेब अदबीनं म्हणाले. “दोन दिवसांत सामान न्यायला गाडी येईल. तोवर कुलूप राहू द्या. चावी कोणाकडे आहे?”

सगळ्यांनी बेबीनंदाकडं पाहिलं. द्यावी का न द्यावी, तिला कळेना. पण साहेब ‘मावशी’ म्हणाले, हात पुढं करून उभे राहिले, आणि तिनं चावी देऊन टाकली. साहेबांनी तिथल्या तिथं पावती लिहून दिली, सहीनिशी. कुलूप एक, चावी एक.

मागच्या माणसांना यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, लेखी मिळालं. “एकजुटीचा विजय असो!” कुणीतरी पुकारलं आणि सगळ्यांनी साथ दिली. बेबीनंदाचाही हात वर गेला, पावतीसकट. मग तिनं तो खाली घेतला.

गाडी गेली, माणसं पांगली. साक्षी दारापाशी येऊन जाळीतून आत बघत उभी राहिली.

“साक्षे, आपण जिंकलो का हरलो गं?”

“चल घरी.”

दोघी निघाल्या. अर्ध्या वाटेत बेबीनंदा थबकली.

“आगं, कुलूप तर तिथंच राह्यलं! उद्या शाळेत जाताना दाराला काय लावू मी?”

“कशाला लावायचं?” साक्षी म्हणाली. “मी घरीच हाये ना.”