राणीच्या मागे

फळीवरून तारा पिकअपमध्ये चढली आणि शेखरला एकदाचं हायसं वाटलं. म्हातारी म्हैस, त्यात लंगडी. सकाळी कळप पाटाकडे निघाला की सटाण्याचा रस्ता ओलांडायला ती इतका वेळ लावायची की दोन्हीकडचे ट्रक खोळंबायचे आणि ड्रायव्हर शेखरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. आता देवळ्याचा राकेश तिला घेऊन चालला होता. नवसाबाई, शेखरची आई, दोन दिवस नको नको म्हणत होती. पण घरात तिचं ऐकतो कोण.

पुढे चालायला राणी होतीच. गव्हाणीत वैरण पडली की सगळ्यांना शिंगांनी रेटून राणी आधी तोंड घालायची. तिनं नुसती मान वळवली तरी बाकीच्या मागे सरायच्या. तारा सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची. कळपाची मालकीण कोण, हे शेखरच्या मते आंधळ्यालाही दिसलं असतं.

त्यानं म्हशी सोडल्या. राणी तोऱ्यात निघाली आणि डांबर लागताच थबकली. काठी बसली तशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पुढेही जाईना, मागेही येईना. तिच्यामागे एकही म्हैस गेली नाही.

इतक्यात पिकअप सुरू झाली. कडेच्या म्हशींनी माना वळवल्या आणि त्या भर रस्त्यानं गाडीमागे चालू लागल्या. राणीही धावली. समोरून येणाऱ्या टँकरनं करकचून ब्रेक दाबला. काठी उगारून शेखर आडवा गेला, घसा फुटेस्तोवर ओरडला. म्हशी त्याला वळसा घालून पुढे निघाल्या.

राकेशनं गाडी थांबवून डोकं बाहेर काढलं. "भाऊ, मी एकच घेतली होती. या बाकीच्यांचं काय करू?"

शेखरनं कडेला उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. तूच हाक मार यांना, म्हणाला.

"मला कशाला सांगतो? मालक तू हाय," नवसाबाई म्हणाली. मग पिकअपकडे बोट दाखवून, "फळी लाव."

ते त्याला फार झोंबलं. पण मागचे हॉर्न थांबत नव्हते. त्यानं स्वतःच्या हातानं फळी लावली.

तारा उतरली. तिनं कुणाला शिंग लावलं नाही, कुणाकडे पाहिलंही नाही. कडेला जाऊन उभी राहिली, तशा बाकीच्याही रस्त्यातून बाजूला आल्या. टँकर जाऊ दिला, त्यामागची बस जाऊ दिली आणि मग लंगडत पलीकडे निघाली. तिच्यामागे एकेक करत सगळ्या निघाल्या. राणी मधेच कुठेतरी होती.

गाड्या अडवायला शेखर काठी घेऊन रस्त्यात उभा राहिला होता, नेमका ताराच्या वाटेत. ती जवळ आली तसा तो मुकाट्यानं बाजूला झाला.