बगळ्याचं कुलूप

"काप म्हणतो ना ते कुलूप!" साहेब ओरडले, तेव्हा वेल्डरनं कटरचा जबडा कुलपाला लावलासुद्धा होता.

"थांब," ताई म्हणाली.

एवढंच. ओरडली नाही, धावली नाही. हातातला पाना हातातच ठेवून चालत आली आणि कटर आणि मेन स्विच यांच्या मधे उभी राहिली. ताई म्हणजे त्या साबणाच्या कारखान्यातली फिटर. अंगानं काडी, केस अर्धे पांढरे.

स्विच होता मोठ्या मिक्सरचा. मिक्सर कसला, खोलीएवढं पिंप ते, आत माणसाच्या उंचीची पाती. तिथली रीत अशी, की पिंपात उतरायच्या आधी माणसानं स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि चावी खिशात टाकून मगच आत जायचं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. मालकाच्या बापानंही हात लावायचा नाही. पण आज वरच्या टाकीत गरम माल तयार होता, घटकाभरात तो थिजला असता, आणि साहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"बाजूला हो ताई. चार टन माल आहे वर. थिजला तर तू खरवडणार आहेस?"

"खरवडीन. कुलूप कुणाचं आहे साहेब?"

"वाचता येत नाही? बगळ्याचं!"

पांढऱ्या रंगात लिहिलेलंच होतं कुलपावर. बगळा म्हणजे लांब मानेचा ऑपरेटर, त्याला सगळे तीच हाक मारायचे.

"आणि बगळा चार दिवसांपासून सुट्टीवर आहे, पोरीच्या बाळंतपणाला. विसरून गेलाय गाढव."

"बगळा का गाढव, एक काय ते ठरवा साहेब," मागून पॅकिंगवाला म्हणाला, आणि सगळे हसले. हसणारच. साहेब तापलेले असले की त्यांच्या बाजूनं हसलेलं बरं असतं.

ताई हसली नाही. साहेबांचा आवाज जसा चढला, तसा तिनं आपला आणखी खाली आणला. ऐकायचं तर बाकीच्यांना गप्पच बसावं लागलं.

"काल रात्रपाळीला मिक्सर चालू होता ना?"

"होता. मग?"

"मग सुट्टीवरच्या माणसानं आज सकाळी कुलूप घातलं कसं?"

साहेबांनी घड्याळात बघितलं. अरे, माणूस आत आहे की नाही ते ठाऊक नाही, आणि हा बाबा घड्याळ बघतो!

"मला अक्कल शिकवू नकोस. मॅनेजर मी आहे इथला." वेल्डर हलेना, तशी त्यांनी त्याच्या हातातला कटर हिसकावून घेतला.

"तुम्हीच आहात," ताई म्हणाली. "म्हणून तुम्हालाच सांगते. मी वर जाऊन बघून येते. दोन मिनिटं. तोवर कुलपाला कोणी हात लावायचा नाही."

ती विनंती नव्हती, धमकीही नव्हती. घरातली थोरली बाई 'गॅस बंद करा आधी' म्हणते ना, तसं. आणि काय झालं कोण जाणे, साहेब थांबले.

ताई शिडी चढली. वर तोंडाशी एक माणूस पहाऱ्याला बसायला हवा, पण त्याला साहेबांनीच सकाळी ट्रक उतरवायला धाडलं होतं. शेजारी कॉम्प्रेसर बोंबलत होता. त्यात हाक कुणाला ऐकू जाणार? तिनं पान्यानं पिंपावर तीन ठोके मारले.

काही नाही.

पुन्हा तीन.

आतून तीन ठोके आले.

पॅकिंगवाला मटकन खाली बसला.

पिंपातून नवा मिस्त्री वर आला. पन्नाशीचा गडी, तीन आठवड्यांपूर्वी लागलेला. मिशीला साबण, कानांत बोळे. बोळे काढत म्हणाला, "काय झालं? जेवायची सुट्टी झाली?"

बऱ्या माणसानं त्याला आधी पाणी विचारलं असतं. साहेब म्हणाले, "दुसऱ्याचं कुलूप लावतोस? नियम कळत नाहीत? आज मेला असतास आणि बालंट माझ्यावर आलं असतं! घरी पाठवा याला!"

म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी!

मिस्त्री कावराबावरा झाला. "मला कुलूप मिळालंच नाही साहेब. बगळा जाताना म्हणाला, माझं वापर."

"नव्या कुलपांचा कागद तुमच्या टेबलावर आहे," ताई शिडीवरून उतरत म्हणाली. आवाज तोच, खालचाच. "तीन आठवडे झाले. सही राहिलीय."

साहेबांनी कटर या हातातून त्या हातात घेतला. "बरं, बरं. ते बघू नंतर. आता काढ कुलूप आणि चालू कर."

"दोन बोल्ट राहिलेत साहेब," मिस्त्री म्हणाला. "पातं सुटं आहे, तुटेल."

"मग उतर की लवकर!"

मिस्त्री वळला. आतल्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थबकला. साहेबांच्या हातात कटर तसाच होता. मिस्त्रीचा दुसरा पाय काही उचलेना.

ताईनं कमरेचं आपलं कुलूप काढलं आणि स्विचच्या कडीला बगळ्याच्या कुलपाशेजारी आणखी भोकं होती, त्यांतल्या एकात अडकवलं. खट्. मग साहेबांकडे न बघता वेल्डर पुढे झाला. खट्. पॅकिंगवाल्याकडे कुलूप कुठलं असणार? तो उठला, धावत गेला आणि आपल्या डब्याच्या कपाटाचं कुलूप काढून घेऊन आला.

चाव्या ज्याच्या त्याच्या खिशात गेल्या.

"उतरा मिस्त्री," ताई म्हणाली. "सावकाश होऊ द्या."