चक्कर न्हाई, साहेब!

"भंजाळली? हा काय शब्द आहे?" साहेबांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

ठकूचं तोंड एवढंसं झालं. नववीतली पोर, निबंधात वर्गात पहिली. वहीचं मधलं पान काढून, तीनदा कच्चं लिहून चौथ्यांदा पक्कं केलेला हा तिचा जन्मातला पहिला अर्ज. 'विनंती विशेष'पासून 'आपली आज्ञाधारक'पर्यंत सगळं कसं झोकात उतरलं होतं! आई राहीबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. तिला उन्हातून उठवून पाणी वाढायच्या कामावर घ्यावं, एवढंच मागणं. का, तर 'माझी आई भंजाळली आहे'.

"चक्कर, साहेब," मुकादम गहिनीनाथ मध्ये पडला. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं, पोरीचं काम सोपं करावं. "तुमच्याकडं चक्कर म्हंत्यात त्येला."

"चक्कर येते?" साहेबांनी खिशातलं पेन काढलं. "मग हिला कामावर ठेवताच येणार नाही. घरी पाठवा. उद्या दगडावर पडली, डोकं फुटलं, तर जबाब कोण देणार? मी?"

गहिनीनाथनं जीभ चावली. घरी म्हणजे काम बंद, अन् काम बंद म्हणजे दुपारी कामावर खायला मिळणारी सुकडीही बंद. पाथर्डीच्या त्या अंगाला त्या साली रानात कुसळ उगवलं नव्हतं. ठकूच्या घरची चूल या खडीवरच पेटत होती.

ठकू घाबरली. पण तिचं तोंड कधी भीतीचं ऐकत नसे.

"थांबा, साहेब! चक्कर न्हाई!"

साहेबाला 'थांबा' म्हणणारी पोर त्या रस्त्यावर कुणी पाहिली नव्हती. जवळपासच्या चार हातोड्या गप झाल्या.

"चक्कर आलेलं मानूस पडतं," ठकू एका दमात म्हणाली. "मंग समदे धावत्यात, सावलीला नेत्यात, कांदा हुंगवत्यात. भंजाळलेलं मानूस पडत न्हाई. म्हून तर कुनाचं ध्यान जात न्हाई."

साहेबांनी पेन कागदावर टेकवून ठेवलं. "मी शाळेत मराठीत पहिला असायचो. हा शब्द कधी भेटला नाही. आला तरी कुठून?"

"अवो, डोस्क्यात माश्या भनभनत्यात अन् वरून जाळ," खडी फोडणाऱ्या बायकांतली झुंबरबाई पदरानं मान पुसत म्हणाली. "भन अन् जाळ. झालं भंजाळ!"

"कायबी सांगती!" शेजारची छबूबाई तिच्यावर वसकली. "आदी भाजलं, मंग जाळलं, म्हून भंजाळलं. माजी आजी सांगायची."

"तुजी आजी तर सकाळच्या पारीच भंजाळलेली असायची!"

बायका खिदळल्या. साहेबही हसले. पण पेन होतं तिथंच होतं.

"तू सांग," ते ठकूला म्हणाले. "लिहिलंयस तू."

ठकू वर्गात असती, तर एव्हाना पाच वाक्यं ठोकून दिली असती.

"कुठून आला, त्ये मला न्हाई ठावं. पर आमच्या घरी कवा आला, त्ये ठावं हाय. परवा. आई कामावरनं आली. मी पान्याचा तांब्या दिला. ती पानी प्याली, माज्याकडं बघून हासली अन् म्हनली, 'बाई, तुमचं गाव कंचं?'"



"मंग गं?" गहिनीनाथनं हळूच विचारलं.

"मंग काय? सांगितलं गाव." ठकूनं नाक ओढलं. "लई मायेनं इचारत हुती."

साहेबांनी कागद मांडीवर सरळ केला अन् खाली लिहिलं, 'पाणी वाढण्याच्या कामावर घ्यावे.' कारण म्हणून ठकूचाच शब्द उतरवला, चांगल्या वळणदार अक्षरात. सही केली. कागद गहिनीनाथच्या हाती दिला.

ठकूला पुढचं ऐकायचंच नव्हतं. खडीचे ढीग टणाटण ओलांडत ती सुटली. रांगेच्या पार टोकाला राहीबाई बसली होती.

"आये, ऊठ! तुला पान्यावर घेतलं! साहेबानं सही केली!"

"व्हय," राहीबाई म्हणाली अन् दगडावर घाव घालत राहिली.

ठकू तिच्यापुढं उकिडवी बसली. आईचं एकेक बोट सोडवत तिनं मुठीतली हातोडी काढून घेतली.

रिकामा हात वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला.