फाटलेली रेघ

“घराची किल्ली ठेव इथं!”

प्रयोगशाळेचं दार ढकलतच शिंपी ओरडला. मुलीने मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त ओठांवर बोट ठेवलं. त्यामुळे त्याचं डोकं आणखी भडकलं.

“मला गप्प करतेस? आईला स्मशानात पोचवून आलीस आणि दुसऱ्या दिवशी इथं येऊन बसलीस. डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस. आत्या तोंडावर म्हणाली, पोरीचं काळीज लोखंडाचं आहे. मी खाली मान घालून ऐकून घेतलं.”

“तांबं आहे, बाबा. लोखंडवाले शेजारच्या खोलीत बसतात.”

“थट्टा सुचतेय तुला!”

तिच्यासमोर नळ्या जोडलेली एक चकचकीत टाकी होती आणि बाजूला पडदा. पडद्यावर एक करडं चित्र वरून खाली उतरत होतं, एकेक रेघ, मशीनखालून कापड सरकावं तसं.

“एवढं काय आहे त्यात? आईपेक्षा मोठं?”

“तांब्याचा तुकडा आहे, नखाएवढा. त्यावर वायू सोडलाय. वाटतं, वायू नुसता वर बसेल, धूळ बसते तसा. पण तो बसला की खालच्या तांब्याचे कण कडेपासून सुटतात. त्यांचे पुंजके होतात. हे बघा, इथं सगळं सपाट होतं.”

“मग काढून टाक तो वायू.”

“काढता येतो. पण तो गेला म्हणून कण आपापल्या जागी परत जातीलच असं नाही.”

त्याला त्यातलं काही ऐकायचं नव्हतं. दुकानात शर्ट काजांवाचून लटकत होते. काजं बायको करायची. मशीनचं झाकण उघडायला गेलं की हात थांबायचा. आणि ही पोरगी घरी येऊन उभ्या उभ्या दोन घास खायची, भांडं विसळायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. ती गेलेली जणू हिची कोणी नव्हतीच.

“माझ्या घरात दगड नकोय मला. किल्ली दे!”

तो इतक्या जोरात ओरडला की घसा दुखला. त्याच क्षणी पडद्यावर एक रेघ वेडीवाकडी फाटत गेली.

“म्हणून बोट ठेवलं होतं ओठांवर,” ती म्हणाली. “आतली सुई कणांच्या इतकी जवळ असते, की खोलीतला आवाजसुद्धा चित्रात उतरतो. हा तुमचा आवाज.”

तिने पर्समधून किल्ली काढली. टेबलावर रुमालाची ओलसर घडी होती, तिच्यावर ती अलगद ठेवली.

त्याने किल्ली उचलली. निघताना त्याची नजर त्या रेघेवर गेली, चुकलेल्या शिलाईवर जावी तशी. मग त्या रेघेच्या वरच्या भागावर गेली. तिथेही रेघा फाटलेल्या होत्या. बारीक, दाटीवाटीने, मध्ये थोडं थांबून पुन्हा. चित्राचा तो भाग तो दारात यायच्या आधीच उतरून झाला होता.

“हे कोण ओरडलं?”

तिने रुमालाची घडी सारखी केली.

“कोण येतं इथं तुझ्यावर ओरडायला?” त्याचा आवाज पुन्हा चढला. “साहेब का? सांग मला, आत्ता बघतो त्याच्याकडे!”

“कोणी येत नाही, बाबा. इथं मी एकटीच असते.” ती पडद्याकडेच बघत होती. “घरी तुम्ही असता.”

तो दारापाशी तसाच उभा राहिला. मग परत आला आणि किल्ली रुमालावर ठेवली, तिने ठेवली होती तशीच, जराही आवाज न करता.

तरीही पडद्यावर रेघा फाटू लागल्या. एकामागून एक, चित्र तळाला पोचेपर्यंत. खोलीत ओरडत मात्र कोणीच नव्हतं.